बिल गेट्सच्या आधी कॉम्प्युटर याच्या सिस्टीमवर चालायचे, आणि काही जुनी मशीन्स याच्यामुळेच तग धरून राहिली

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर बपेरा नावाचं गाव आहे. हा सगळा पट्टा धानाचा. धान म्हटलं की राईस मिल आली आणि आताच्या राईस मिलमध्ये काळे-पिवळे दाणे वेगळे काढणारं सॉर्टेक्स आलं. या सॉर्टेक्सच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो. साखर कारखान्यातलं कंट्रोल पॅनल घ्या, एमआयडीसीतलं सीएनसी मशीन घ्या, सगळीकडे हेच.

आता गंमत बघा. मशीनचं लोखंड, मोटार, पट्टे वीस-पंचवीस वर्षं आरामात टिकतात. आतल्या सॉफ्टवेअरला मात्र कंपनी त्याच्या आधीच राम राम करते.

विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. फुकट मिळणाऱ्या लिनक्सनेही डिसेंबर २०१२ मध्ये ३८६ प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकला. म्हणजे मशीन धडधाकट असतं, पण आतलं एक कार्ड जळालं की जुनं कार्ड मिळत नाही आणि नव्या कार्डवर जुना प्रोग्राम चालत नाही. लाखोंच्या मशीनसमोर मालक डोक्याला हात लावून बसतो.

हा प्रश्न आजचा वाटतो. पण त्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा तोडगा एका माणसाने १९७० च्या दशकातच काढून ठेवला होता. त्याचं नाव गॅरी किल्डॉल.

जहाजाच्या शाळेतला पोरगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरचा धंदा होता जहाज चालवणाऱ्यांना समुद्रात दिशा ओळखायला शिकवण्याचा. आजोबांनी ही शाळा काढली, वडिलांनी चालवली, गॅरीनेही तिथे शिकवलं. पुढे गणिताचा मास्तर व्हायचं म्हणून तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि तिथे त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं. १९७२ मध्ये त्याने पीएचडी केली.

तेव्हा व्हिएतनाम युद्ध सुरू होतं. सैन्यात जाणं भाग होतं, पण गॅरीच्या वाट्याला लढाई आली नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे नौदलाच्या अधिकाऱ्यांना शिकवायची नोकरी त्याला लागली.

१९७१ मध्ये इंटेलने ४००४ नावाची चिप बाजारात आणली. २५ डॉलरमध्ये कॉम्प्युटर अशी तिची जाहिरात गॅरीच्या नजरेस पडली आणि त्याने चिप मागवली. इंटेलला ही चिप ट्रॅफिक सिग्नल आणि कॅल्क्युलेटरपुरती वाटत होती, गॅरीला तिच्यात पूर्ण कॉम्प्युटर दिसत होता. तो इंटेलकडे सल्लागार म्हणून जाऊ लागला आणि त्यांच्यासाठी पीएल/एम नावाची प्रोग्रामिंगची भाषाही त्याने तयार केली.

सीपी/एमचा जन्म

१९७४ मध्ये गॅरीच्या हाती एक फ्लॉपी ड्राइव्ह आला. तो कॉम्प्युटरला जोडायचं सर्किट त्याचा मित्र जॉन टोरोडे याने बनवलं आणि त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम गॅरीने लिहिली. हीच सीपी/एम. इंटेलला त्यात रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी कंपनी काढली. तिचं नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, पुढे नुसतं डिजिटल रिसर्च.

खरी मेख पुढे आहे. त्या काळी प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा होता. फ्लॉपी वेगळी, स्क्रीन वेगळा, कीबोर्ड वेगळा. इम्साई नावाच्या कंपनीने सीपी/एम मागितली, तेव्हा पुन्हा एकदा नव्या मशीनसाठी सगळं लिहून काढायची वेळ आली. गॅरीने वेगळं केलं. हार्डवेअरशी बोलणारा सगळा भाग त्याने बाजूला काढून एका छोट्या तुकड्यात ठेवला. त्याला नाव दिलं बायोस. बाकीच्या सिस्टीमला खाली कोणतं मशीन आहे याच्याशी काही घेणंदेणंच उरलं नाही.

सोपं उदाहरण ट्रॅक्टरचं. मागे नांगर लावा, रोटाव्हेटर लावा नाहीतर पेरणी यंत्र लावा. जोडणी ठरलेली असली की ट्रॅक्टर बदलावा लागत नाही. गॅरीने सॉफ्टवेअरसाठी ही जोडणी ठरवून दिली. नवा कॉम्प्युटर आला तर फक्त बायोस नव्याने लिहायचा, वरचे सगळे प्रोग्राम जसेच्या तसे चालतात. १९८१ पर्यंत सीपी/एम जवळपास ३,००० प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालत होती आणि कंपनीची वर्षाची कमाई ५४ लाख डॉलरवर गेली होती.

आयबीएमचा तो दिवस

१९८० मध्ये आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्हला आले. त्यांना नव्या पीसीसाठी सिस्टीम हवी होती. गॅरी त्या दिवशी मजा म्हणून विमान उडवत होता, अशी दंतकथा आजही सांगितली जाते. खरं तर तो स्वतःच्या विमानाने एका ग्राहकाकडे कामासाठी गेला होता. इकडे डोरोथीने आयबीएमच्या गोपनीयतेच्या करारावर लगेच सही केली नाही. गॅरी परतल्यावर काय बोलणं झालं, याच्या वेगवेगळ्या कहाण्या आहेत. सौदा काही फिसकटला तो फिसकटलाच.

मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून सीपी/एमच्याच वळणाची ८६-डॉस घेतली आणि आयबीएमला दिली. गॅरीने आक्षेप घेतल्यावर आयबीएमने त्याची सीपी/एम-८६ पण विकायला ठेवली, पण २४० डॉलरला. शेजारीच पीसी-डॉस ४० डॉलरला होती. लोकांनी कोणती घेतली, हे सांगायला नको.

टेबलावरून गेला, कारखान्यात राहिला

घराघरातला बाजार हातचा गेला, पण डिजिटल रिसर्च दुसऱ्या दाराने आत शिरली. एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या सिस्टीम कंपनीने बनवल्या आणि त्या कारखान्यांत, दुकानांत पोचल्या. सीमेन्सच्या एस-५ पीएलसीला प्रोग्राम करायचे काही डबे सीपी/एमच्याच एका रूपावर चालायचे. ज्या आयबीएमने पीसीवर गॅरीला बाजूला सारलं, तिच्याच सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या ४६८० आणि ४६९० यंत्रणा डिजिटल रिसर्चच्या सिस्टीमवर उभ्या राहिल्या.

१९९१ मध्ये नोव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. गॅरी टीव्हीवर कॉम्प्युटरवरचा एक कार्यक्रम करायचा, सीडीवर ज्ञानकोश आणण्याचं कामही त्याने केलं होतं. पण आयबीएमची संधी हुकलेला माणूस ही ओळख त्याची पाठ सोडत नव्हती. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि ११ जुलैला तो गेला. वय होतं फक्त ५२.

मालक बदलत गेले, पुढे काय?

कंपनी आधीच नोव्हेलकडे गेली होती. १९९६ मध्ये हक्क काल्डेराकडे गेले, मग आणखी पुढे. अशा वेळी जुनी सिस्टीम सहसा मरते. ती चालत नाही म्हणून नाही, तर तिला हात लावायची परवानगी नेमकी कुणाकडे आहे हेच कळेनासं होतं म्हणून. सीपी/एमचा सोर्स कोड वाटायला २००१ मध्ये परवानगी मिळाली, पण ती नेमकी कुणाकुणाला, यावर घोळ होता. जुलै २०२२ मध्ये हक्कदाराने स्पष्ट केलं की ती सगळ्यांना आहे. त्यामुळे आज कुणीही तो कोड उघडून नव्या बोर्डावर सीपी/एम चालवू शकतो, आणि लोक चालवतातही.

एप्रिल २०१४ मध्ये गॅरीच्या पॅसिफिक ग्रोव्हमधल्या जुन्या ऑफिसबाहेर आयईईई या इंजिनिअरांच्या संघटनेने सन्मानाचा फलक बसवला. एक्सपीचा सपोर्ट संपला तो हाच महिना.

सॉर्टेक्स घेणाऱ्या मिल मालकाला गॅरीचं नाव माहीत नसेल तरी चालेल. पण मशीन घेताना प्रोग्रामचा बॅकअप, मॅन्युअल आणि सेटिंगची फाईल मागून घ्यावी. हार्डवेअर बदललं तर सॉफ्टवेअर चालेल का, हे कंपनीकडून लिहून घ्यावं. गॅरीने पन्नास वर्षांपूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारला होता, म्हणून त्याची सिस्टीम त्याच्या पश्चातही चालू राहिली.