बाबूराव अर्नाळकर : हजार रहस्यकथांमागची शिस्त

बेळगावजवळच्या कडोली गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. सीमाभागात मराठी टिकली ती अशा उत्सवांमुळे, आणि त्याहून अधिक वाचनाच्या सवयीमुळे. ही सवय सामान्य माणसाला लावणाऱ्या लेखकांत बाबूराव अर्नाळकर यांचे स्थान फार वरचे आहे. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या.

अर्नाळकरांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचा जन्म ९ जून १९०६ रोजी झाला. मुंबईत चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. या विक्रमाची नोंद गिनीज बुकातही झाली.

हजार हा आकडा उच्चारायला सोपा आहे. हजार पुस्तके पन्नास वर्षांवर सारखी वाटली, तरी वर्षाला वीस होतात. म्हणजे दर अठरा दिवसांना एक पुस्तक. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्या लेखकाला हा हिशेब जमणारा नाही. दुकानदार जसा रोज ठरल्या वेळी दुकान उघडतो, तशा नेमाने लेखणी हाती घेणाऱ्यालाच तो जमतो.

या नेमाला रचनेचीही साथ होती. पुस्तक आटोपशीर, भाषा साधी आणि नायक ठरलेले. चतुर गुप्तहेर धनंजय व त्याचा साथीदार छोटू ही जोडी शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची आठवण करून देते. झुंझार आणि काळापहाड हे दुर्जनांना धडकी भरवणारे वीर. वाचक त्यांना आधीपासून ओळखत असल्याने लेखकाला ओळखपाळख करून देण्यात पाने खर्चावी लागत नसत. पहिल्याच पानावर घटना घडू शके. प्रत्येक वेळी नवे जग उभारायचे नसल्याने लेखनाचा वेगही टिकून राही.

गुन्हेकथेचे बीज जगभर वास्तवातच सापडते. न्यूयॉर्कमधील एका तरुणीच्या १८४१ सालच्या गूढ मृत्यूवरून एडगर ॲलन पो यांनी कथा रचली. अमेरिकेत १९३२ साली झालेल्या लिंडबर्ग बालकाच्या अपहरणाचा धागा अगाथा ख्रिस्ती यांनी दोन वर्षांनी 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' या कादंबरीत गुंफला. अर्नाळकरांची वाट थोडी वेगळी होती. इंग्रजी रहस्यकथांचे संस्कार त्यांच्यावर होते. पण ते साचे त्यांनी मराठी माणसांत आणि ओळखीच्या मुंबईत आणून बसवले. खून, दरोडा, फसवणूक हे वर्तमानपत्रात रोज दिसणारे गुन्हे तेथेही होते. फरक इतकाच की, वर्तमानपत्रातील गुन्हेगार पुष्कळदा सुटतो. अर्नाळकरांच्या पुस्तकात त्याला शासन होतेच. दिवसभर राबून थकलेल्या वाचकाला या खात्रीचे मोल मोठे होते.

या लेखनाचे दोषही उघड आहेत. पात्रे ठोकळेबाज, योगायोग फार, कथानकांची पुनरावृत्ती ठायी ठायी. वेगाची ही किंमत अर्नाळकरांना मोजावी लागली. परंतु केवळ दोषांकडे बोट दाखवणाऱ्या समीक्षेला एक गोष्ट दिसली नाही. अनेकांनी आयुष्यातील पहिले पुस्तक एका बैठकीत संपवले, ते अर्नाळकरांचे होते. त्यांतील कित्येक वाचक पुढे गंभीर साहित्याकडे वळले.

५ जुलै १९९६ रोजी, वयाच्या नव्वदीत, अर्नाळकरांचे निधन झाले. आज लिहू पाहणाऱ्यांना विषयांची वाण नाही. रोजची बातमी नवा विषय दारात आणून टाकते. दुर्मीळ आहे ती रोज लिहायला बसण्याची चिकाटी. कडोलीसारख्या गावांत मराठीसाठी मांडव घालणाऱ्यांनी या रहस्यकथाकारासाठीही एक कोपरा राखून ठेवावा, इतके त्याचे ऋण नक्कीच आहे.