चिपळूणकर वाड्यातील मुख्याध्यापिका

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांची जयंती आली की शेणाचे गोळे आणि पिशवीतले दुसरे लुगडे एवढेच आपण सांगतो. ते सांगायलाच हवे. पण तेवढ्यावर थांबलो तर सोसणाऱ्या सावित्रीबाई उरतात, शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाई दिसेनाशा होतात.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्म. १८४० मध्ये लग्न. अक्षरओळख जोतीरावांनी करून दिली, मग अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. शूद्र समाजातील एक बाई आधी शिकवायला शिकली आणि मग वर्गावर उभी राहिली, ही गोष्ट आपले वक्ते सहसा विसरतात. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली आणि सनातनी पुणे खवळले. दबावाखाली सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले. तरी काम सुटले नाही.

३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकर वाड्यातली शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी ८ मुली आल्या. पुढे हा आकडा ४८ वर गेला. सावित्रीबाई तिथे मुख्याध्यापिका होत्या आणि पगार घेत नव्हत्या. त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी या शाळांतील २३७ मुलींची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा पूना कॉलेजच्या आवारात हजारो लोक लोटले होते. आजचे मुख्याध्यापक वार्षिक तपासणीलाही धास्तावतात. सावित्रीबाईंच्या शाळेचा निकाल तर विरोधकांच्या डोळ्यांदेखत लागत होता.

असा निकाल कशातून आला? मुली टिकल्या, हे पहिले कारण. जिला लिहिणे-वाचणे म्हणजे पाप असे घरीदारी ऐकवले जाई, ती मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत येते ती बाईंकडे बघून. येता-जाता चिखल अंगावर घेणारी बाई वेळेवर वर्गात हजर असते, हे तिला दिसत होते. मुलींना काय दिले ते १८५५ मध्ये कळले. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ने छापला. पाठांतरावर चालणाऱ्या शाळेतून असा निबंध निघत नाही.

सहकाऱ्यांशी वागणे कसे होते, याचाही पुरावा आहे. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्या आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना धाडलेल्या पत्रात त्यांना काळजी आहे ती आपल्या मागे फातिमाला कामाचा त्रास होत असेल याची, आणि तरी ती कुरकुर करणार नाही असा विश्वासही आहे. अंथरुणावरूनही सोबतच्या शिक्षिकेची आठवण ठेवणारा प्रमुख लाभला तर शाळा का चालणार नाही?

आता आजचा हिशेब बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक मुले असतील तरच मुख्याध्यापकाचे पद, सहावी ते आठवीला १०० हून अधिक. म्हणजे ४८ मुलींच्या चिपळूणकर वाड्याला हे पद मिळालेच नसते! लहान पटाच्या शाळा कुणाच्या? वाडी-वस्तीवरच्या, पाड्यावरच्या, आपल्याच लेकरांच्या. तिथे वर्ग सांभाळणारा शिक्षकच प्रभारी, पोषण आहाराचे हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणाराही तोच. मग गुणवत्ता घसरली म्हणून मुलांच्या जातीकडे बोट दाखवायला मंडळी मोकळी.

सावित्रीबाईंचे काम शाळेबरोबर संपले नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून हडपसरजवळ डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेले. त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या.