विश्वासू कारभारी : जॉर्ज म्युलर

आज नाताळ. बेथलेहेमच्या बालकापुढे पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी सोने, ऊद व गंधरस अर्पण केला आणि तेव्हापासून दान हे या सणाचे अंगच होऊन बसले. तथापि ख्रिस्ती धर्मविचारात दात्याच्या बरोबरीने, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व आहे ते कारभाऱ्याला. हाती असलेले धन आपले नव्हे, ते धन्याचे. आपण केवळ त्याचा हिशेब राखणारे, ही जाणीव नसेल तर दानाचाही अहंकार व्हावयास वेळ लागत नाही. ही जाणीव ज्याने साठ वर्षांहून अधिक काळ वहीच्या पानापानावर उतरविली, त्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचा आरंभ मात्र चोरीने होतो.

प्रशियातील क्रोपेनस्टेट या गावी २७ सप्टेंबर १८०५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी करवसुलीच्या कामावर होते. घरात ठेवलेल्या त्या सरकारी पैशांतून हा मुलगा वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच रकमा लांबवू लागला. वडिलांना संशय आला. त्यांनी एकदा मोजलेली रक्कम मुद्दाम खोलीत ठेवून मुलाला एकटे सोडले. परत येऊन मोजतात तो पैसे कमी! झडती घेतली तेव्हा ते मुलाच्या जोड्यात, तळपायाखाली सापडले. पुढे आई मृत्युशय्येवर असताना हे चिरंजीव पत्ते खेळत होते, आणि सोळाव्या वर्षी खाणावळीची देणी बुडविल्याबद्दल तुरुंगाची हवाही खाऊन आले. परक्याचा पैसा हाताळण्यास इतका नालायक मनुष्य शोधूनही सापडला नसता.

१८२५ च्या नोव्हेंबरात, हाले विद्यापीठात धर्मशास्त्राचे विद्यार्थी असताना, एका मित्राबरोबर ते कुणा गृहस्थाच्या घरी भरणाऱ्या लहानशा प्रार्थनासभेला गेले. तेथे गुडघे टेकून प्रार्थना करणारी साधी माणसे त्यांनी पाहिली, आणि आयुष्याची दिशाच पालटली. हाले नगरीत ऑगस्ट फ्रांके यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थापिलेला अनाथाश्रम होता. त्या संस्थेच्या धर्मार्थ खोल्यांत म्युलर यांनी काही काळ वास्तव्य केले. बीज पडले ते बहुधा तेथेच.

१८२९ मध्ये ते इंग्लंडला आले. टिन्मथ येथे उपदेशक असताना १८३० मध्ये मेरी ग्रोव्हज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे हिंदुस्थानात मिशनकार्य करणारे अँथनी नॉरिस ग्रोव्हज हे या मेरीबाईंचे बंधू. विवाहाच्याच महिन्यात म्युलर यांनी नेमून दिलेल्या वेतनाचा त्याग केला. हे वेतन प्रार्थनामंदिरातील बाकांच्या भाड्यातून येई, आणि त्यापायी श्रीमंताला चांगली जागा व गरिबाला कोपरा असा भेद देवाच्या घरात शिरे. हा भेद त्यांना सोसवेना. त्याऐवजी मंदिरात एक पेटी ठेवण्यात आली. ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने तीत टाकावे. आठवडेच्या आठवडे ती पेटी उघडण्याचे कुणाच्या ध्यानात येत नसे आणि घरात चार नाणीही शिल्लक नसत. तरीही या दांपत्याने ती उघडण्याविषयी अवाक्षर काढले नाही.

१८३२ पासून ब्रिस्टल ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे अनाथाश्रम काढण्याचा संकल्प त्यांनी १८३५ मध्ये जाहीर केला, तेव्हा एका आजारी, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या स्त्रीने १०० पौंड पाठविले. तिची आठवड्याची मजुरी मोजक्या शिलिंगांची. म्युलर चकित झाले, नव्हे, साशंक झाले. भावनेच्या भरात ही बाई पुढे पस्तावेल असे वाटून त्यांनी तिला बोलावून घेतले. तेव्हा कळले, की तिला घराण्याच्या पैशातून वाटा मिळाला होता. व्यसनी पित्याचे कर्ज भावंडांनी सावकारांशी चौथाईवर तोडले होते. हिने गुपचूप प्रत्येकाकडे जाऊन उरलेली पै न् पै चुकविली. भावंडांनी आईला पन्नास पन्नास पौंड दिले, हिने शंभर दिले. मगच आश्रमासाठी शंभर काढले. आधी देणे, मग दान! पुष्कळ प्रश्न विचारून, तिचा निश्चय पारखून, मगच म्युलर यांनी ती रक्कम स्वीकारली. पैसा चालून आलेला असताना देणाऱ्याच्याच हिताची काळजी वाहणारे विश्वस्त आपल्या पाहण्यात किती येतात?

एप्रिल १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात आश्रम सुरू झाला. नियम दोनच, पण कठोर. एक, कोणाही मनुष्याकडे मागावयाचे नाही. गरज सांगावयाची ती प्रार्थनेत. दुसरा, कर्ज काढावयाचे नाही. हा दुसरा नियम इतका कडक, की पाववाला व दूधवाला यांचे आठवड्याचे उधार खातेही त्यांनी बंद केले आणि रोजचे पैसे रोज देऊ लागले. आलेल्या प्रत्येक दानाची पावती दिली जाई. वार्षिक वृत्तांतात मात्र दात्याचे नाव छापले जात नसे. हजार पौंडांची हुंडी असो, कुणा मोलकरणीची एक पेनी असो, की मोडीत काढलेली अंगठी असो, नोंद सर्वांची सारख्याच काटेकोरपणे होई. घराघरांची मासिक हिशेबपुस्तके आणि शेकडो बिले तपासण्याचे काम मेरीबाईंचे होते. त्यांचे नाव या कथेत फारसे कुणी घेत नाही. १८७० मध्ये त्या वारल्या, तोवर त्यांनी ते निष्ठेने केले.

यावर एक आक्षेप तेव्हापासूनच घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. वृत्तांत छापून लोकांत वाटणे हेच एक प्रकारचे मागणे नव्हे काय? म्युलर यांचे उत्तर कृतीतून मिळाले. १८४१ च्या अखेरीस तिजोरी रिकामी होत आली असताना वार्षिक सभा व वृत्तांताची वेळ आली. वृत्तांत निघताच मदतीचा ओघ सुरू झाला असता. म्हणूनच त्यांनी तो काही महिने पुढे ढकलला आणि ते दिवस अत्यंत ओढगस्तीत काढले. सर्वांनीच असे करावे असे मात्र आम्हास वाटत नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथ येथील मंडळीकडे वर्गणी मागण्यात खुद्द पौलाने संकोच मानला नव्हता. न मागणे हा म्युलर यांचा वैयक्तिक नेम होता. चोख हिशेबाचे बंधन मात्र मागणाऱ्यावर तर अधिकच आहे.

१८४९ मध्ये अ‍ॅशले डाउनवर तीनशे मुलांसाठी पहिली स्वतंत्र इमारत उभी राहिली; १८७० पर्यंत तेथे पाच इमारती व दोन हजारांवर मुलांची सोय झाली. त्यांच्या हयातीत सुमारे १० हजार अनाथांचे संगोपन झाले, आणि त्यांच्या हातून सुमारे १५ लाख पौंड धर्मकार्यास लागले. चीनमधील हडसन टेलर यांच्या मिशनलाही त्यातून साहाय्य जाई. सत्तरीत ते जगप्रवासास निघाले व हिंदुस्थानातही आले. १८९० मध्ये जबलपूर येथे असतानाच त्यांना आपल्या कन्येच्या निधनाची वार्ता मिळाली. आपल्या पंडिता रमाबाईंनी म्युलर यांचा अनुभवग्रंथ वाचला होता. अमेरिकेतील साहाय्यकांच्या दहा वर्षांच्या वचनाची मुदत संपत आली असताना, दुष्काळातून आणलेल्या मुलींचा भार शिरावर घेऊन केडगावी उभ्या असलेल्या त्या विदुषीला या ग्रंथाने मोठा धीर दिला.

९ मार्च १८९८ रोजी सायंकाळी ब्याण्णव वर्षांच्या म्युलर यांनी आश्रमातील प्रार्थनासभा नेहमीप्रमाणे चालविली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. स्वतःच्या उपयोगासाठी म्हणून लोकांनी आयुष्यभरात दिलेल्या रकमांतून त्यांनी ८१ हजार पौंडांहून अधिक परस्पर वाटून टाकले होते. मागे राहिलेल्या मालमत्तेची मोजदाद झाली, ती दोनशे पौंडांचीही भरली नाही. त्यातही बहुतेक किंमत घरातील सामानसुमानाची होती.