खानोलकरांचे ऋण

नाशिकरोड स्थानकावर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसला गर्दी नेहमीचीच. काही वर्षांपूर्वी त्या गर्दीत मीही उभा होतो. हातातल्या बर्फाच्या पेटीत करंगळीएवढी काचेची कुपी होती आणि तिच्यात माझ्या पुतणीच्या मूत्रपिंडाचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा. तिचे अंग सुजत होते, लघवीतून प्रथिने जात होती. इथल्या डॉक्टरांना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सारे जवळजवळ ठीकच दिसले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाशकात नव्हता, म्हणून मी मुंबईला निघालो होतो.

कसारा घाट उतरताना मनात आले, ही सोय आपल्याकडे आली तरी कशी? पुढे वाचता वाचता एक नाव भेटले. डॉ. वसंत रामजी खानोलकर.

जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्रात एम. डी. केले आणि मुंबईत येऊन वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. रोग्याच्या शरीराबरोबर त्याचे राहणीमानही पाहावे, ही त्यांची दृष्टी. चुना मळलेली तंबाखू ओठाखाली ठेवणे, कमरेला धोतर घट्ट आवळणे, अशा आपल्या घरांतल्या सवयींचा कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी डॉ. सूर्याबाईंच्या साथीने १९४५ मध्ये मांडला. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंत लवकर शिरकाव करतात, हेही त्यांच्या अभ्यासाने ठळक झाले.

पण मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते १९५२ चे. त्या वर्षी परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तिथे कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली, तर सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा विभाग. स्वातंत्र्याला जेमतेम पाच वर्षे झालेली, पैशांची चणचण, आणि अशा वेळी दोन तरुण स्त्रियांवर केवढा हा भरवसा!

हे यंत्र घेतले आणि टेबलावर मांडले, असे नसते. साधा सूक्ष्मदर्शक उजेडावर चालतो. मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून बारीक गोष्ट त्याला वेगळी दाखवता येत नाही. इथे उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत असतो. तो हवेत अडखळतो, म्हणून आत निर्वात पोकळी लागते. पेशींतले पाणी काढून त्या राळेत घट्ट बसवायच्या आणि हिऱ्याच्या किंवा काचेच्या पात्याने त्यांचे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके पातळ काप काढायचे. हे हात तयार व्हायला वर्षे लागतात. गावोगावच्या इस्पितळांना हे कसे परवडावे? त्यासाठी गावच्या विहिरीसारखी सोय हवी, एका ठिकाणी राखलेली आणि अनेकांनी पाणी भरावे अशी.

खानोलकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकही झाले. १९७८ मध्ये ते गेले. त्यांची संस्था टाटा स्मारक केंद्रात सामील झाली आणि पुढे तिचे काम खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये गेले.

आठवड्याभराने आमचा अहवाल आला. मूत्रपिंडाच्या गाळणीला बिलगून असणाऱ्या पेशींची इवली पावले सपाट झाली होती. साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसलेला दोष तो हाच. औषध ठरले, सूज उतरली. पुतणी आता नोकरी करते. खानोलकर हे नाव तिने परवा माझ्याकडून पहिल्यांदा ऐकले. असे कितीजण असतील, ज्यांच्या औषधामागे हा माणूस उभा आहे आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही!