विश्लेषण : मुंबई बेटाचे भाडेकरू गार्सिया द ऑर्टा यांची हाडे का जाळली गेली?

कोपरीकरांना लोकलने सीएसएमटी गाठून सहज जाता येईल असा मुंबईचा टाऊन हॉल. त्यामागच्या, आज नौदलाकडे असलेल्या परिसरात गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याचा वाडा होता, असे मानले जाते. सोळाव्या शतकात मुंबई बेटच त्यांनी भाडेपट्ट्याने घेतले होते.

ते भारतात का आले?

ऑर्टा यांचे आईवडील स्पेनमधील यहुदी. १४९२च्या हकालपट्टीनंतर ते पोर्तुगालमध्ये गेले. तेथे १४९७ मध्ये यहुद्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. अशा ‘नवख्रिस्ती’ कुटुंबांवर संशय कायम असे. लिस्बन विद्यापीठातील अध्यापन सोडून ऑर्टा १५३४ मध्ये गोव्यात आले. त्याच वर्षी वसईच्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांकडे गेली. दोनच वर्षांत पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. ते वेळीच निघाले, असेच म्हणावे लागेल.

कीर्ती कशामुळे?

अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्यांचा रुग्ण आणि स्नेही होता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्यांच्या संवादरूपी ग्रंथात हिंग, अफू, आंबा यांची आणि पटकीची माहिती आहे. ग्रीक पंडितांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले खरे मानण्याचे धाडस त्यात दिसते. चार वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला.

मग कारवाई कशी झाली?

गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले. ऑर्टा १५६८ मध्ये वारले, तोवर त्यांना हात लागला नाही. पण १५६९ मध्ये गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून बहीण कॅटरिना यांना जाळण्यात आले. चौकशीत भावाचेही नाव वदवून घेतले गेले. १५८० मध्ये ऑर्टांचे अवशेष उकरून जाळण्यात आले.

युरोपात वेगळे होते का?

नाही. जाणत्या वयात स्वेच्छेने घेतलेलाच बाप्तिस्मा खरा, असे मानणाऱ्या अॅनाबॅप्टिस्टांना कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघेही मारत. झुरिकच्या प्रोटेस्टंट नगरसभेने १५२७ मध्ये फेलिक्स मान्झ यांना बुडवले. १५६९ मध्येच नेदरलँड्समध्ये डर्क विलेम्स कैदेतून निसटले. पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात पडला, त्याला वाचवायला ते मागे फिरले, पकडले गेले आणि जाळले गेले. फरक इतकाच, की अॅनाबॅप्टिस्ट आपली श्रद्धा उघड सांगत. ऑर्टा शेवटपर्यंत कॅथलिक म्हणूनच वावरले.

गोव्यातील इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. पुढे पणजीतील एका उद्यानाला ऑर्टा यांचे नाव देण्यात आले.