सवाई मानसिंग : राज्य सरले, मैदान उरले

जयपूर मेट्रोच्या मानसरोवर स्थानकानंतर न्यू आतिश मार्केट हे स्थानक लागते. या नावातील आतिश हा शब्द जुन्या जयपूर शहरातील आहे. राजवाड्याच्या शाही पागेला तेथे आतिश म्हणत. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेल्या मानसरोवर या विस्तीर्ण वसाहतीच्या परिसरात त्या पागेची आठवण आता केवळ नावापुरती राहिली आहे. जयपूरच्या घोड्यांची कीर्ती मात्र एके काळी इंग्लंड आणि फ्रान्सच्या मैदानांपर्यंत पोहोचली होती. तिचे श्रेय जयपूर संस्थानचे शेवटचे सत्ताधारी महाराजा सवाई मानसिंग (दुसरे) यांच्याकडे जाते.

मानसिंग हे जन्माने युवराज नव्हते. १९१२ मध्ये ईसरदा येथील ठाकुर घराण्यात त्यांचा जन्म झाला. ते धाकटे पुत्र होते आणि त्यांचे मूळ नाव मोरमुकुटसिंह होते. महाराजा सवाई माधोसिंग यांनी १९२१ मध्ये त्यांना दत्तक घेतले. पुढच्याच वर्षी माधोसिंग यांचे निधन झाले आणि दहा वर्षांच्या मुलाकडे जयपूरची गादी आली. अजमेरचे मेयो कॉलेज आणि इंग्लंडमधील वुलविच येथील लष्करी प्रशिक्षण संस्था येथे त्यांचे शिक्षण झाले. १९३१ मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. तोवर पोलोपटू म्हणून त्यांचे नाव गाजू लागले होते.

पोलोत प्रत्येक संघात चार खेळाडू असतात. सुमारे सात मिनिटांच्या एका डावाला चक्कर म्हणतात. सतत भरधाव धावणारा घोडा एवढ्या वेळात थकतो, म्हणून प्रत्येक चक्करनंतर तो बदलावा लागतो. त्यामुळे एका सामन्यासाठी प्रत्येक खेळाडूला अनेक घोडे, त्यांचे मोतद्दार, चारा आणि नालबंद यांची व्यवस्था करावी लागते. खेळाडूची गुणवत्ता उणे दोनपासून दहा गोलपर्यंतच्या हँडिकॅपने ठरते. हे मानांकन ठरविताना राजा आणि शिपाई असा भेद केला जात नाही. मैदानाबाहेरचा खर्च मात्र संस्थानिकांनाच पेलण्यासारखा होता.

हंगामाचे गणितही महत्त्वाचे आहे. राजस्थानात पोलो हिवाळ्यात खेळला जातो. उन्हाळ्यात तेथील जमीन टणक होते आणि उष्णता घोड्यांना सोसत नाही. इंग्लंडमध्ये मात्र मे ते सप्टेंबर हाच पोलोचा काळ असतो. जूनमध्ये तेथे रात्री नऊपर्यंत उजेड रेंगाळतो आणि खेड्यापाड्यांतील क्लबांमध्ये सायंकाळीही सामने रंगतात. प्रेक्षक मैदानाच्या कडेला मोटारी लावून फराळासह बसतात. मध्यंतरात ते गवतावर उतरून घोड्यांच्या टापांनी उखडलेली ढेकळे पायांनी दाबून बसवितात. मानसिंग यांचे अनेक उन्हाळे अशा मैदानांवर गेले.

१९३३ च्या उन्हाळ्यात ते घोड्यांचा मोठा ताफा आणि मोतद्दार घेऊन इंग्लंडला गेले. त्यांच्या संघात जोधपूरचे रावराजा हनुतसिंग व अभयसिंग आणि बारियाचे पृथीसिंग होते. त्या हंगामात जयपूरच्या संघाने ज्या ज्या खुल्या स्पर्धांत भाग घेतला, त्या सर्व जिंकल्या. पारतंत्र्याच्या काळात चार भारतीय खेळाडूंनी इंग्लंडच्याच मैदानांवर मिळविलेले हे यश पोलोच्या इतिहासात आजही सांगितले जाते.

पोलोमुळेच त्यांचा मराठी राजघराण्याशी संबंध जुळला. १९३१ मध्ये पोलोच्या हंगामासाठी कोलकात्यात असताना ते कूचबिहारच्या महाराणी इंदिराराजे यांच्याकडे उतरले होते. इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या. त्यांची मुलगी गायत्रीदेवी त्या वेळी अवघी बारा वर्षांची होती. १९४० मध्ये मानसिंग आणि गायत्रीदेवी यांचा विवाह झाला. ही त्यांची तिसरी पत्नी.

या वैभवाला दुसरी बाजूही होती. मैदानावरचा खर्च अखेर रयतेच्या महसुलातून उभा राहत होता आणि त्याच रयतेला कारभारात वाटा नव्हता. मूळचे जयपूर संस्थानातील आणि वर्ध्याला कर्मभूमी मानलेले जमनालाल बजाज १९३८ मध्ये जयपूर प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानने त्यांना प्रवेशबंदी केली. ती मोडून सत्याग्रह केल्याबद्दल १९३९ मध्ये त्यांना अटक झाली. पुढे १९४२ मध्ये मानसिंग यांनी सर मिर्झा इस्माईल यांना दिवाण नेमले आणि सुधारणांना गती मिळाली.

स्वातंत्र्यानंतर एकेक अधिकार संपत गेला. ३० मार्च १९४९ रोजी जयपूर नव्या राजस्थानात विलीन झाले आणि मानसिंग राजप्रमुख झाले. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेबरोबर तेही पद संपुष्टात आले. त्यांचे निवासस्थान असलेल्या रामबाग राजवाड्याचे त्यांनी हॉटेल केले. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील सेंट हिल हे घर १९५९ मध्ये विकले. १९६२ मध्ये ते राज्यसभेवर निवडून गेले आणि १९६५ मध्ये त्यांची स्पेनमध्ये भारताचे राजदूत म्हणून नियुक्ती झाली.

पोलो मात्र सुटला नाही. संस्थानांची घोडदळे गेल्यावर हा खेळ भारतात टिकेल की नाही, अशी शंका होती. १९५३ मध्ये संस्थानी घोडदळांतून भारतीय लष्कराची ६१ वी कॅव्हलरी उभी राहिली आणि जयपूर हे तिचे केंद्र झाले. त्यामुळे राजांच्या पागेतील खेळाला लष्कराचा आधार मिळाला. १९५७ मध्ये फ्रान्समधील दोव्हिल येथील सुवर्णचषक स्पर्धेत भारतीय संघ मानसिंग यांच्याच नेतृत्वाखाली विजयी झाला. १९३३ चा विजय जयपूरच्या नावावर होता, तर हा स्वतंत्र देशाच्या नावावर नोंदला गेला. मानसिंग यांच्या आयुष्यातील बदल या दोन विजयांतून जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्य कशातूनही दिसत नाही.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात सिरेन्सेस्टर हे गाव आहे. तेथील पोलो क्लब १८९४ मध्ये, बॅथर्स्ट घराण्याच्या वनराईने वेढलेल्या जमिनीवर सुरू झाला. २४ जून १९७० रोजी याच क्लबच्या मैदानावर मानसिंग कोसळले आणि त्यांचे निधन झाले. त्यांनी साठीही गाठली नव्हती. त्यांचे पार्थिव विमानाने जयपूरला आणण्यात आले. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. गैटोर येथे, पूर्वीच्या राजांच्या छत्र्यांजवळ, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, संस्थानिकांचे तनखे आणि मान्यताही घटनादुरुस्तीने रद्द झाली.

आज जयपूरमध्ये त्यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते ते सवाई मानसिंग रुग्णालयाच्या आणि क्रिकेटच्या मैदानाच्या निमित्ताने. रामबागजवळच्या पोलो मैदानावर हिवाळ्यात त्यांच्या नावाची सुवर्णकलश स्पर्धाही भरते. लष्कराचे, उद्योगांचे आणि जुन्या घराण्यांचे खेळाडू तेथे एकाच मैदानात उतरतात.