पायी चालणाऱ्यांचा मंत्री

दुपारी शाळा सुटल्याची घंटा झाली की फाटकाबाहेर जे चालते ते ह्या पानाच्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. काहींनी त्यात भागही घेतला असेल. मुलाला अगदी दारात उतरवायचे आणि दारातूनच न्यायचे, ह्या हौसेपायी मोटारी थेट पांढऱ्या पट्ट्यांवर उभ्या राहतात. एका बाजूला दालपुरीवाल्याची मोटारसायकल, दुसऱ्या बाजूला बस, आणि ऊसतोडणीचे दिवस असले तर मधून उसाने भरलेली लॉरी. पहिलीतले मूल दोन उभ्या मोटारींच्या मधून बाहेर पडते तेव्हा येणाऱ्या चालकाला ते दिसतच नाही. त्याची उंची ती केवढी! फाटकावर उभे राहण्याची पाळी माझी असली की माझा हात नकळत जवळच्या मुलाच्या दप्तराला जातो.

त्या पट्ट्यांना आपण सारे घरीदारी पासाज क्लूते म्हणतो. शब्दशः अर्थ खिळे ठोकलेली वाट. मग खिळे कुठे आहेत, असे एका लहान मुलीने मला वर्गात विचारले आणि मी अडखळलो. पूर्वी रस्त्यात धातूचे मोठे खिळे बसवून ही वाट आखीत, फ्रान्सातही आणि इंग्लंडातही. रंगाचे पट्टे मागाहून आले. त्या मुलीसाठी उत्तर शोधता शोधता ज्या गृहस्थांची ओळख झाली, त्यांची हकिकत आज सांगावयाची आहे. त्यांचे नाव लेस्ली होर-बेलिशा.

त्यांचा जन्म १८९३ साली लंडनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. वर्षाचे होण्याच्या आतच वडील वारले. आईने मुलाला वाढविले, आणि १९१२ साली तिने सर अ‍ॅडेर होर ह्या सरकारी अधिकाऱ्याशी विवाह केला. सावत्र वडिलांचे आडनाव जन्मदात्याच्या आडनावाला जोडले गेले ते असे. क्लिफ्टन कॉलेज, पॅरिस, हायडेलबर्ग आणि मग ऑक्सफर्ड असे शिक्षण झाले. मध्ये पहिले महायुद्ध आले, त्यात फ्रान्स आणि सालोनिका येथे नोकरी करून ते मेजर होऊन परतले. ऑक्सफर्डच्या वादविवाद मंडळाचे ते अध्यक्ष झाले. बोलण्याची हातोटी, प्रसिद्धीची आवड आणि दांडगी उमेद, हे तिन्ही गुण तेव्हापासूनचे. (तिसरा गुण पुष्कळांना आवडला नाही.) १९२३ साली प्लिमथमधील डेव्हनपोर्ट मतदारसंघातून ते लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटमध्ये गेले.

आता १९३४ सालाकडे येऊ, कारण आपले काम त्या सालाशी आहे. त्या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली आणि २,३१,६०३ जखमी झाली. ह्यांतली निम्मी माणसे पायी चालणारी होती, आणि चारांत तीन अपघात वस्तीच्या भागात झाले होते. म्हणजे जिथे घरे, दुकाने आणि शाळा असतात तिथे. गंमत, गंमत कसली, दुर्दैव असे की १९३० च्या कायद्याने मोटारींवरची ताशी २० मैलांची जुनी वेगमर्यादा काढून टाकली होती. ती कोणी पाळीत नाही, मग ठेवायची कशाला, असा युक्तिवाद. हा युक्तिवाद आपल्याकडेही मधूनमधून कानी येतो.

१९३४ साली नव्या कायद्याचा मसुदा पार्लमेंटमध्ये चर्चेस आला तेव्हा मूर-ब्रॅबझन नावाच्या एका सभासदाने जे भाषण केले ते वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की मोटारींनी सात हजार माणसे मरतात हे खरे, पण हे असेच चालणार नाही, पूर्वी मोटारीखाली कोंबड्या किती मरत, कुत्री किती मरत, आता ती बाजूला होण्यास शिकली, माणसेही शिकतील. बोलणारे गृहस्थ अडाणी नव्हते. नामांकित वैमानिक होते, आणि पुढे १९४० साली तेच वाहतूकमंत्री झाले. मोटारीने आपला वेग कमी करावा असे त्यांना वाटले नाही. पायी चालणाराने चपळ व्हावे असे वाटले. सहा वर्षांच्या मुलाने किती चपळ व्हायचे?

ह्याच वर्षी जूनच्या अखेरीस होर-बेलिशा वाहतूकमंत्री झाले. न्यायाची गोष्ट म्हणून सांगतो, कायद्याचा मसुदा त्यांच्या आधीच्या मंत्र्याने आणला होता. पण तो अमलात आणण्याचे काम ह्यांच्या वाट्याला आले आणि ते त्यांनी असे अंगावर घेतले की पुढे सारे श्रेय त्यांच्याच नावावर जमा झाले. नेमणुकीनंतर थोड्याच दिवसांत लंडनमधील कॅमडन हाय स्ट्रीटवर पायी रस्ता ओलांडण्याच्या खुणेच्या जागीच ते चालत असता एक वेगवान मोटार न थांबता त्यांच्या अगदी जवळून गेली. थोडक्यात वाचले. ओलांडण्याच्या जागा आधीपासून आखलेल्या होत्याच. पण चालकाला त्या दुरून दिसत नव्हत्या, आणि दिसल्या तरी तो मानीत नव्हता. म्हणून त्यांनी दोन्ही कडांना काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे खांब उभे करविले आणि खांबाच्या डोक्यावर नारिंगी रंगाचा मोठा गोल बसविला. लोकांनी त्याला बेलिशा बीकन असे नाव दिले. उघडझाप करणारा दिवा त्यात पुढे १९५० नंतरच्या काळात आला. सुरुवातीचा गोल म्हणजे नुसता काचेचा चेंडू. आणि काचेचा चेंडू उंच खांबावर दिसला की मुले काय करणार? दगड मारून फोडू लागली. ज्यांच्या जिवासाठी खांब उभारले त्यांनीच नेम धरला. मास्तर म्हणून मला ह्यात काहीच नवल वाटत नाही. वर्तमानपत्रांनी मंत्र्यांची यथेच्छ थट्टा केली. प्रसिद्धीसाठी स्वतःच्या नावाचे खांब रोवीत सुटला, असे बोलणारे पुष्कळ होते. थट्टेचाही उपयोग झाला. खांब कशासाठी आहेत हे गावोगावी माहीत झाले.

नुसते खांब लावून ते थांबले नाहीत. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा लागू झाली. जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. त्याआधी पैसे भरून परवाना मिळे आणि मोटार हाकता येते की नाही हे कोणी विचारीत नसे. शिकणाऱ्याच्या मोटारीवर लाल एल अक्षराची पाटी आली तीही तेव्हाच. रस्त्याच्या नियमांची सरकारी पुस्तिका नव्याने लिहून काढली गेली. मोटारवाल्यांच्या संघटना रागावल्या, वेगमर्यादा म्हणजे स्वातंत्र्यावर घाला अशी ओरड झाली. पण १९३५ साली मृतांचा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास उतरला. एका वर्षात आठशेच्या वर माणसे वाचली, आणि मोटारी तर वाढतच होत्या. कोणत्या उपायाने किती वाचली हे वेगळे काढता येत नाही. तरी हा उतार काही कोंबड्यांसारखे बाजूला होण्यास शिकून आलेला नव्हे.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. १९३७ साली ते युद्धमंत्री झाले. सैनिकांच्या बराकी, जेवण आणि बढत्या त्यांनी सुधारल्या, म्हातारे सेनापती घरी बसविले, १९३९ साली सक्तीची लष्करभरती आणली. सेनापतींशी बिनसले. जानेवारी १९४० मध्ये पंतप्रधान चेंबरलेन ह्यांनी त्यांना त्या पदावरून काढले. माहितीखाते द्यावे असा विचार होता, पण ज्यू माणूस त्या जागी नको अशी हरकत परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स ह्यांनी घेतली. जर्मनीत ज्यूंचा छळ चाललेला असताना लंडनमध्ये हे घडले, हे विसरता येत नाही. त्यांना व्यापारखाते देऊ केले, त्यांनी नाकारले. १९४५ च्या निवडणुकीत मायकेल फूट ह्यांनी डेव्हनपोर्टमध्ये त्यांचा पराभव केला, आणि पहिल्या रांगेतला माणूस मागे पडला.

खांब मात्र राहिले. १९५१ साली ब्रिटनमध्ये त्या खांबांच्या मधल्या वाटेवर जाड पांढरे पट्टे कायद्याने आले, आणि पट्ट्यांवर पाऊल ठेवलेल्या माणसासाठी मोटारीने थांबलेच पाहिजे हा नियम पक्का झाला. १९५३ साली शाळांजवळ हातात गोल पाटीचा दांडा घेऊन मोटारी थांबविणाऱ्या माणसांसाठी तिथे स्वतंत्र कायदा झाला. तेव्हा आपले बेट ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. डावीकडून मोटार हाकणे त्यांच्याकडून आले, पट्टेही त्यांच्याच पद्धतीचे आले, आणि नाव तेवढे आपण फ्रेंच ठेवले. त्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने पुढचा प्रश्न विचारला: मग पट्ट्यांवर माझे वडील मोटार का लावतात? हे तू त्यांना विचार, असे मी म्हणालो. तिने विचारले असावे. सध्या ते चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत मोटार लावून तिला हाताला धरून चालत आणतात.

होर-बेलिशा ह्यांना १९५४ साली लॉर्ड ही पदवी मिळाली. फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून ते फ्रान्सातील रँस शहरी गेले होते. तेथील नगरभवनात भाषण करीत असताना ते कोसळले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. वय त्रेसष्ट. मूलबाळ नव्हते, त्यामुळे पदवी त्यांच्याबरोबरच संपली.